डांबर पिणारी भुकटी

बेळगाव जिल्ह्यात खानापूर-जांबोटीकडचा पाऊस ओसरला की रस्त्याची जी दशा उघडी पडते, ती बघून पानटपरीवर एकच निदान होतं: "डांबर खाल्लं बघ ठेकेदारानं, दुसरं काय!" निदान बऱ्याचदा बरोबर असतं, त्यात वाद नाही. पण निविदेत लिहिलेलं डांबर मापात घालूनही रस्ता कोरडा पडतो, खडी सुटते, असंही घडतं. अशा वेळी डांबर खाणारा दुसराच कुणीतरी असतो, आणि तो मिश्रणातच बसलेला असतो. खडीसोबत घातलेली बारीक भुकटी बरंचसं डांबर स्वतःच्या फटींत अडकवून ठेवते. ती किती अडकवणार, हे ती कशाची केली आहे यावर तर ठरतंच, पण तिचे कण कोणत्या घडणीचे आहेत, गोल, कोनदार, चपटे की लांबट, यावरही तितकंच ठरतं. डांबराच्या टक्क्यांवरून आपल्याकडे उपोषणं होतात. भुकटीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

इथं 'आकार' म्हणतोय तो लहान-मोठेपणाचा नाही, घडणीचा. बारीक-जाड किती, ते चाळणी सांगते. घडण चाळणीला कळत नाही, आणि सगळा घोळ तिथंच आहे.

आधी मिश्रणाचा हिशेब बघू. हॉटमिक्स प्लांटमधून निघणाऱ्या शंभर किलो मालात डांबर असतं जेमतेम पाच-साडेपाच किलो. बाकी सगळी खडी, कच आणि भुकटी. भुकटी म्हणजे ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून खाली पडणारा भाग. मिलिमीटरचे तेरा तुकडे केले तर त्यातला एक, त्याहूनही बारीक. वजनात ती दोन ते आठ-दहा टक्क्यांच्या आत असते, पण पृष्ठभाग मोजायला गेलात तर बाकी सगळ्या खडीला ती मागे टाकते. दगड जितका बारीक फोडाल तितकी त्याची उघडी बाजू वाढते, साधा हिशेब आहे. खडीवर बसणारा डांबराचा थर साधारण सहा ते दहा मायक्रॉनचा. म्हणजे भुकटीचे बरेचसे कण या थराच्या आतच बुडालेले असतात. खडीला खडी धरून ठेवतो तो हा डांबर आणि भुकटीचा मिळून झालेला लेप. या धंद्यात त्याला मॅस्टिक म्हणतात. रस्त्याचं बरंवाईट बऱ्याच अंशी याच लेपात ठरतं.

आता या लेपाला घट्टपणा कुठून येतो? याचा पाया ज्यानं घातला त्याचा डांबराशी काही संबंध नव्हता. अल्बर्ट आइन्स्टाइननं १९०६ साली एक सूत्र मांडलं: द्रवात थोडेसे गोल कण मिसळले तर त्याचा चिकटपणा किती वाढतो. पहिल्या वेळी त्याच्या गणितात चूक राहिली होती. प्रयोगाशी आकडा जुळेना, तेव्हा १९११ साली त्यानं तो सुधारला. सुधारलेला हिशेब असा: आकारमानानं एक टक्का गोल कण मिसळले की चिकटपणा अडीच टक्क्यांनी वाढतो. कण काचेचे असोत की दगडाचे, लहान असोत की मोठे, आकडा तोच, अडीच. पण अट एकच, कण गोल हवेत. कण लांबट किंवा चपटा झाला की हा आकडा अडीचच्या वर चढायला लागतो, आणि जाडीच्या मानानं लांबी जितकी जास्त तितका तो वर जातो. कारण असा कण द्रवात फिरताना स्वतःच्या आकारमानापेक्षा कितीतरी जास्त जागा ढवळतो.

हे सूत्र विरळ मिश्रणाचं. रस्त्याच्या लेपात भुकटीची दाटी इतकी असते की कण एकमेकांच्या अंगाला अंग घासतात. तिथं प्रश्न बदलतो: हे कण दाबून बसवले तर त्यांच्यामध्ये मोकळी जागा किती उरते? स्वयंपाकघरातले तीन डबे डोळ्यांसमोर आणा. एकात मोहरी, दुसऱ्यात पोहे, तिसऱ्यात शेवया. तिन्ही गच्च भरा आणि वरून तेल ओता. मोहरीच्या डब्यात तेल कमी मावेल, कारण दाणे एकमेकांच्या खळग्यांत नीट बसतात. पोह्यांत जास्त, शेवयांत त्याहून जास्त, कारण त्या आडव्यातिडव्या अडकून फटी तशाच ठेवतात. आधी या फटी भरतात. फटी भरून वर जे तेल उरेल, तेवढंच हलायला-वाहायला मोकळं.

पी. जे. रिग्डेन या संशोधकानं १९४७ साली नेमका हाच विचार डांबराला लावला. कोरडी भुकटी एका छोट्या नळकांड्यात घालायची, ठरावीक उंचीवरून वजनाचे शंभर ठोके द्यायचे, आणि दबून बसलेल्या भुकटीत किती टक्के पोकळी उरली ते मोजायचं. या पोकळीला आजही जगभर रिग्डेन पोकळी म्हणतात. पोकळीत जाणारं डांबर 'अडकलेलं', आणि उरलेलं 'मोकळं'. खडीला चिकटायचं, रोलरखाली सरकायचं, थंडीत ताण सोसायचा ही सगळी कामं मोकळ्या डांबराची.

आकड्यांत बघा. दगडाच्या नेहमीच्या भुकटीत ही पोकळी साधारण २८ ते ४५ टक्के निघते. विरवलेल्या चुन्यात ती ६० ते ७० टक्के असते, कारण त्याचे कण आतूनही सच्छिद्र आणि खडबडीत. आता शंभर घनसेंटिमीटर घन कण घेऊ. पोकळी ३५ टक्के असेल तर हे कण दाबून १५४ घनसेंटिमीटर जागा व्यापतात, म्हणजे ५४ घनसेंटिमीटर डांबर अडकतं. पोकळी ६५ टक्के असेल तर तेच कण २८६ घनसेंटिमीटर जागा घेतात आणि १८६ घनसेंटिमीटर डांबर गिळतात. सुमारे साडेतीन पट! चाळणीचा रिपोर्ट दोन्ही वेळा 'पास' येऊ शकतो. टेंडरमधला डांबराचा टक्का दोन्ही वेळा तोच. एक रस्ता नीट बसतो, दुसरा पहिल्याच उन्हाळ्यात करकरीत कोरडा.

जर्मनांची याहून साधी एक चाचणी आहे, आणि ती बघायला मला रिग्डेनच्या यंत्रापेक्षा जास्त आवडते. एका वाडग्यात १५ ग्रॅम हायड्रॉलिक तेल घ्यायचं. त्यात ४५ ग्रॅम भुकटी घालून कालवायचं आणि हातानं गोळा वळायचा. गोळा तुकतुकीत होतो, हाताला तेल लागतं. मग आणखी थोडी भुकटी घालायची, परत वळायचं. परत थोडी. गोळ्यावरची चमक हळूहळू उतरते, तो कडक होत जातो, आणि एका क्षणी वळायला जावं तर बोटांत फुटतो. तिथं थांबायचं आणि एकूण किती भुकटी गेली ते लिहायचं. चांगल्या बसणाऱ्या कणांची भुकटी बरीच जाते. चपट्या किंवा सच्छिद्र कणांची असेल तर गोळा लवकर फुटतो. मोकळं तेल संपलं की लेप लेप राहत नाही, हे डोळ्यांना आणि बोटांना एकदमच कळतं.

एकच दगड, तीन घडणी

निपाणी, चिकोडी, हुक्केरी, बेळगाव हा सगळा पट्टा दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या कडेवर येतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा दगड. पुढं गोकाकला गेलात की धबधब्याच्या कड्यापाशी वालुकाश्म आणि गारगोटीसारखा कठीण दगड लागतो, खानापुरात जांभा. पण आपल्या बहुतेक क्रशरवर फुटतो तो काळाच. हा एकच दगड रस्त्यात तीन रूपांनी जाऊ शकतो, आणि तिन्ही वेळा वेगळं काम करतो.

पहिलं रूप खडीचं. खडी घनाकृती हवी, सहाही बाजूंनी साधारण सारखी आणि कडा धारदार. अशी खडी एकमेकींत अडकून सांगाडा उभा करते. नदीतला गोटा इथं उपयोगाचा नाही, तो घसरतो. चपटी खडी त्याहून वाईट. लॅबमध्ये याचं माप घ्यायला लोखंडी पट्टीत वेगवेगळ्या रुंदीच्या लांबट फटी पाडलेल्या असतात. माणूस बसून एकेक खडा बोटात धरतो, फिरवून बघतो, फटीतून जातो का पाहतो. ज्याची सर्वांत कमी जाडी सरासरी मापाच्या ०.६ पटीहून कमी, तो चपटा. ज्याची लांबी १.८ पटीहून जास्त, तो लांबट. कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच ते कागदावर जास्त आणि हातानं कमी होतं. रस्ते मंत्रालयाच्या नियमात चपटे आणि लांबट मिळून ३५ टक्क्यांच्या वर चालत नाहीत. कारण सरळ आहे: चपटा खडा रोलरखाली कडकन मोडतो, आणि मोडलेल्या ताज्या बाजूवर डांबराचा थेंबही नसतो. पावसाचं पाणी नेमकं तिथून आत शिरतं. जबड्याच्या क्रशरवर एकाच टप्प्यात फोडलेल्या मालात असे चपटे खडे भरपूर निघतात. दगड दगडावर आपटून फोडणारं शेवटच्या टप्प्याचं मशीन असलं की घडण सुधारते. मशीन महाग, वीज जास्त, म्हणून खडीचा भावही जास्त.

दुसरं रूप भुकटीचं. खडी फोडताना आणि ड्रममध्ये तापवताना उडणारी धूळ पिशव्यांच्या फिल्टरमध्ये जमा होते आणि परत मिश्रणात येते. हिचे कण कोनदार, खरखरीत. लेपाला ताठपणा देतात, उन्हाळ्यात चाकोरी पडण्यापासून वाचवतात. जास्त झाले तर लेप कोरडा. अमेरिकेतल्या सुपरपेव्ह या मिश्रण ठरवायच्या पद्धतीत भुकटीचं वजन कामाच्या (म्हणजे खडीनं न शोषलेल्या) डांबराच्या ०.६ ते १.२ पट एवढंच ठेवतात ते यासाठीच.

तिसरं रूप बहुतेकांनी बघितलेलं नसतं. ठरावीक रासायनिक बांधणीचा काळा दगड साधारण दीड हजार अंशाला वितळवून त्याचे केसाहून बारीक धागे ओढतात. हे बॅसॉल्ट फायबर. काही मिलिमीटर लांबीचे तुकडे करून ते मिश्रणात घालतात, वजनानं टक्क्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. एवढ्याशा मालानं काय होणार, असं वाटतं. पण धागा लांब असल्यामुळं भेग पडायला लागली की तो दोन्ही काठांत अडकलेला राहतो आणि तिला रुंद होऊ देत नाही. तोच दगड दळून तेवढ्याच वजनाची भुकटी घातली असती तर काही फरकही कळला नसता.

धाग्यांचा खरा संसार आहे तो एसएमए, म्हणजे स्टोन मॅस्टिक अस्फाल्टमध्ये. १९६० च्या दशकात जर्मनीत हे मिश्रण निघालं. तिथं बर्फासाठीचे काटेरी टायर रस्ते खरवडून काढत होते. यात जाड खडीचा सांगाडा असतो आणि मधल्या पोकळीत डांबराचा भरपूर लेप. अडचण अशी की टिपरमध्ये भरल्यावर गरम डांबर ओघळून तळाला जातं. रस्त्यावर ओतला की एका जागी काळं तळं आणि दुसरीकडं कोरडी खडी. टनामागं तीन किलो सेल्युलोजचे धागे घातले की हे ओघळणं थांबतं, कारण त्या धाग्यांची अंगं खडबडीत आणि फाटे फुटलेली असतात, डांबर त्यांच्यात धरून राहतं. भारतीय रस्ते काँग्रेसच्या एसपी ७९ या मार्गदर्शिकेत ०.३ टक्क्यांचं हेच प्रमाण आहे. धाग्याचा दोषही त्याच्या लांबीतूनच येतो. नीट विसकटले नाहीत तर गुठळ्या होतात, आणि गुठळी म्हणजे रस्त्यातला आयता मऊ डाग. म्हणून धागे सुटे न घालता दाबून केलेल्या गोळ्यांच्या रूपात घालतात.

लांबीची आणखी एक करामत नेदरलँड्समध्ये झाली. २०१० साली तिथल्या ए ५८ महामार्गाच्या एका तुकड्यात पोलादी लोकर मिसळली. वरून विद्युतचुंबकीय यंत्र फिरवलं की तारा तापतात, भोवतालचं डांबर मऊ होतं आणि बारीक भेगा आपोआप मिटतात. आपल्या गावच्या रस्त्याला याची गरज नाही, हे सांगायला नकोच. आधी गटारं होऊ देत.

काळ्या मातीतला चपटा कण

चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या माणसाला काळी माती काय करते ते सांगावं लागत नाही. पावसात फुगते, उन्हात हातभर फाटते आणि वरचा रस्ता घेऊन खाली बसते. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे कण एकावर एक रचलेल्या पापुद्र्यांचे. एकेक पापुद्रा सुमारे एक नॅनोमीटर जाड आणि जाडीच्या शेकडो पट रुंद. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की थप्पी फुगते. ही माती खडीच्या धुळीतून मिश्रणात आली तर घात ठरलेलाच. म्हणून चुना-सिमेंट सोडून कुठल्याही भुकटीचा प्लास्टिसिटी इंडेक्स, म्हणजे तिच्यातल्या मातकटपणाचं माप, ४ च्या वर चालत नाही. खाणीवरचा मातीचा थर नीट न काढता दगड फोडला की ही माती धुळीबरोबर येते आणि चाळणीत सापडत नाही.

आणि गंमत बघा, रस्त्याखाली वैरी असलेलं हेच खनिज डांबरात घालण्यावर जगभर संशोधन चालू आहे. पापुद्र्यांच्या मध्ये सेंद्रिय क्षार बसवून त्यांची पाण्याची ओढ मोडतात. मग त्यांच्यात डांबर शिरतं आणि थप्पी सुटी होते. डांबराच्या वजनाच्या तीन-पाच टक्के असे सुटे पापुद्रे पसरले की हवेतल्या प्राणवायूला आत जायला सरळ वाट राहत नाही, वळणं घेत जावं लागतं. डांबर म्हातारं होतं, कडक आणि ठिसूळ होतं, ते मुख्यतः प्राणवायूनंच. वाट लांबली की म्हातारपण लांबतं. गोल कणांनी हे साधत नाही, कारण गोल कणाला वळसा घालायला वेळ लागत नाही.

मोठ्या खडीत जो चपटेपणा दोष म्हणून फेकून देतो, तोच इतक्या बारीक पातळीवर गुण ठरतो. पण फुकट मिळत नाही. चपटे कण चिकटपणा झपाट्यानं वाढवतात, आणि थप्प्या सुट्या झाल्या नाहीत तर ती नुसतीच महागडी माती. माझं मत विचाराल तर आपल्या जिल्हा मार्गांवर नॅनोक्ले (म्हणजे हेच सुटे पापुद्रे) वगैरे घालण्याआधी चपटी खडी बाजूला काढायची शिस्त लागली तरी पुष्कळ. शिवाय पंतप्रधान ग्रामसडक योजनेतले बहुतेक रस्ते २० मिलिमीटरच्या प्रीमिक्स कार्पेटचे, म्हणजे खडी-डांबराच्या पातळ थराचे. त्यात भुकटीला फारसं काम नसतं. ही चर्चा लागू पडते ती महामार्ग, राज्य मार्ग आणि शहरांतल्या दाट मिश्रणाच्या थरांना.

गोल कणांचं काय? औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीआधी पकडलेली फ्लाय ॲश सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर बहुतेक कण गुळगुळीत गोळ्या दिसतात, काही आतून पोकळ. कोळशातली माती ज्वाळेत वितळून हवेतच थिजते, म्हणून ही गोलाई. आपल्याला सर्वांत जवळचं मोठं केंद्र विजापूर जिल्ह्यातलं कुडगीचं. गोल कणांचा लेप सहज सरकतो, मिश्रण लवकर दबतं. पण सगळ्या गोळ्या एकाच मापाच्या असल्या तर फटी भरायला लहान गोळ्या नसतात आणि पोकळी वाढते. गोलाई असली म्हणून चाचणी टळत नाही.

टायरच्या चुऱ्याचा किस्सा वेगळाच. तोच टायर दोन तऱ्हांनी बारीक करता येतो. नेहमीच्या तापमानाला दातेरी रोलरनं फाडला तर कण फाटलेले, केसाळ, खडबडीत होतात. द्रव नायट्रोजननं गोठवून फोडला तर काचेसारखे गुळगुळीत, सपाट बाजूंचे तुकडे पडतात. रबर डांबरातला हलका तेलकट भाग शोषून फुगतं, आणि फुगणं पृष्ठभागातून होतं. म्हणून फाडलेला चुरा लवकर फुगतो, डांबर जास्त घट्ट करतो. गोठवून फोडलेला सावकाश. रासायनिकदृष्ट्या दोन्ही रबर एकच.

उलट प्लास्टिकच्या पिशव्यांचा चुरा गरम खडीवर टाकला की तो वितळून थर होऊन बसतो. तुकडे नीट पसरावेत म्हणून त्यांचं माप महत्त्वाचं. पण एकदा वितळले की घडणीचा विषय संपला. कणाची घडण कामाला येते ती दीडशे-पावणेदोनशे अंशांच्या ड्रममध्ये टिकली तरच.

पाऊस आणि ऊस

आपल्या भागात रस्त्याला दोन परीक्षा द्याव्या लागतात. पश्चिमेला कणकुंबी-चोर्ला घाटाकडं पाऊस, आणि पूर्व-उत्तरेला ऊस.

पावसाकडं चुना उपयोगी. पाणी डांबराला दगडावरून सोलून काढतं, आणि गारगोटीच्या जातीच्या दगडावर हे लवकर होतं, काळ्या दगडावर उशिरा. विरवलेला चुना एक-दोन टक्के घातला की ही सोलण कमी होते. इथं नुसत्या घडणीचं श्रेय नाही. चुन्यातलं कॅल्शियम डांबरातल्या आम्लांशी बांधलं जातं आणि दगडाच्या पृष्ठभागालाही धरतं. पण वर बघितलं तसं, चुना डांबर पितो. दगडाची भुकटी जेवढी काढली तेवढाच चुना, आणि डांबर पूर्वीइतकंच, असा हिशेब केला की लेप आखडतो.

लेप आखडला की घाटात जास्त त्रास, कारण तिथं वेळ हातात नसतो. बेळगावजवळच्या प्लांटवरून निघालेला टिपर कणकुंबीपर्यंत पोचेतो माल निवलेला असतो. व्हीजी ३० या प्रतीच्या डांबराचा माल पसरताना किमान १४० अंश हवा आणि रोलिंग ९० अंशांच्या आत जाण्याआधी संपायला हवं. भुकटी चपटी किंवा सच्छिद्र असेल तर तोच माल ११० अंशांनाही रोलरला दाद देत नाही. वरून रस्ता काळाभोर, सपाट दिसतो, फोटोही छान येतो. आत हवेच्या पोकळ्या पाच टक्क्यांऐवजी आठ-दहा राहिल्या की जूनमध्ये पाणी शिरायला मोकळं. या वेळी डांबर कमी नव्हतं, दाब कमी पडला होता. पण खड्डा बघून हे कोण ओळखणार?

उसाकडं गोष्ट उलटी. ऑक्टोबरनंतर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रांगेनं कारखान्याच्या गेटकडं सरकतात. सावकाश सरकणारं, थांबणारं ओझं डांबराला धावत्या ट्रकपेक्षा जड पडतं, कारण डांबर हळू हळू वाहणारा पदार्थ आहे. जितका वेळ दाब राहील तितकं ते हलतं. गेटाजवळचा रस्ता लाटा घेतो तो त्यामुळं. तिथं कोनदार कच, कोनदार भुकटी आणि जमलं तर धागे यांनी लेप ताठ करण्यात फायदा आहे. पावसाच्या घाटात जे मिश्रण घालायचं तेच संकेश्वर-चिकोडीच्या ऊसवाटेवर घालायचं, हा आपला शिरस्ता मला कधीच पटलेला नाही.

ऊस म्हटला की बगॅसच्या, म्हणजे चिपाडाच्या, राखेचा विषय निघतोच. जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, त्यांच्या बॉयलरची राखही भरपूर, आणि दर हंगामात कुणीतरी म्हणतंच, ही राख रस्त्यात घाला ना. घालता येईल. पण तिचा कण आधी बघितला पाहिजे. उसाच्या पेशींच्या नळ्या जळल्यावरही त्यांचा सांगाडा शिल्लक राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली या राखेत लांबट, भोकाभोकांचे तुकडे दिसतात, त्यात अर्धवट जळालेला कोळसा, आणि अधूनमधून वितळून गोल झालेले कण. भोकं डांबर पितात, कोळसाही पितो. दगडाच्या भुकटीच्या जागी किलोला किलो ही राख टाकली तर मिश्रण पहिल्या दिवसापासून तहानलेलं.

उपाय आहे, आणि तोही घडणीतूनच. राख चाळून न जळालेले तंतू काढायचे, उरलेली दळायची. दळल्यावर नळ्या मोडतात, भोकं उघडी पडून नाहीशी होतात, कण दगडाच्या भुकटीच्या जवळ येतो आणि रिग्डेन पोकळी खाली येते. दळण्याचा खर्च आणि वाचणाऱ्या डांबराची किंमत यांचा मेळ बसतो का, ते कारखान्यागणिक वेगळं निघेल. चिपाडात ओल किती होती, बॉयलर किती तापला, राख कोरडी पकडली की पाण्यानं भिजवून काढली, यांतलं काहीही बदललं की कण बदलतो. म्हणून एका कारखान्याच्या राखेवर ठरवलेलं डांबराचं प्रमाण शेजारच्या कारखान्याच्या राखेला लावता येत नाही. शंभर ठोक्यांची ती चाचणी प्रत्येक राखेची वेगळी करावी लागते, आणि हंगाम बदलला की पुन्हा.